जुलैमधली पहिली अंघोळ

न्यूझीलंडच्या थंडीनं मला कधी त्रास दिला नाही. त्रास दिला तो माझ्या बायकोला, आणि तोही माझ्यामार्फत.

टौरंगाला राहायचो आम्ही. बायको हॉस्पिटलात नर्स. मी सातवी नापास, तिच्या व्हिसाला लोंबकळत आलेलो. पॅकहाऊसमध्ये किवीफ्रूटच्या पेट्या भरायचो. जूनमध्ये फळ संपलं की काम संपायचं, आणि नेमकी तिथं थंडी सुरू. सकाळी सात वाजले तरी काळोख. लोक म्हणायचे, कसले मेले उदास दिवस. मीपण मान हलवायचो. आतून खूश.

त्याचं असं होतं, की तिकडं दिवाळी येते वसंतात. पहिल्या अंघोळीला उठावं तर बाहेर लख्ख ऊन आणि शेजारी चड्डीवर गवत कापतोय. अंधार नाही, थंडी नाही, मग ती दिवाळी कसली? मी ठरवलं, आपली दिवाळी जुलैमध्ये. सहाला उठायचो. खोबरेलाचा दगड झालेला असायचा, बाटली हीटरवर ठेवायची. तेल चोपडून, ऑकलंडकडच्या पापाटोएटोतल्या भारतीय दुकानातनं आणलेलं उटणं फासून शॉवरखाली उभा राहायचो. खिडकीबाहेर मिट्ट काळोख, गवतावर दव गोठलेलं आणि पाठीवर कढत पाणी. आहाहा! माणसं दिवाळी चार दिवस करतात, मी महिनाभर केली.

बायको रात्रपाळी करून आठला यायची. रात्रभर पेशंट उचलून, पुसून आलेली. तिला फक्त गरम पाणी हवं असायचं. पहिल्याच दिवशी बाथरूममधून किंकाळी आली.

"अहो, पाणी बर्फ आहे!"

"घर जुनं आहे गं," मी म्हणालो. "सिलिंडर गेला असेल."

गरम पाण्याच्या टाकीला तिकडं सिलिंडर म्हणतात. त्यात एका वेळी मावतं तेवढंच पाणी, संपलं की पुन्हा तापायला चार-पाच तास. ते सगळं माझ्या पाठीवरून गटारात गेलेलं.

एकदा खोटं बोललो ते बोललो. मग रोज ती आली की मी शेगडीवर मोठं पातेलं चढवायचो आणि फडक्यानं धरून बाथरूममध्ये नेऊन द्यायचो. ती टबात उकिडवी बसून मग्गा मग्गा अंगावर घ्यायची. दात वाजलेले बाहेर ऐकू यायचे. वर मलाच म्हणायची, "किती करता हो माझ्यासाठी!" तिनं फोनवर तिच्या आईलाही सांगितलं. सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा माझं कौतुक केलं. त्या दिवशी उटण्याचा डबा कपाटावर टाकला. म्हटलं, उद्यापासून बंद. दुसऱ्या दिवशी सहाला जाग आली. अंधार होता. आणि मी बाटली हीटरवर ठेवली.

शेवटी बायकोनं घरमालकाला फोन केला. त्यानं प्लंबर पाठवला. "किया ओरा" असा तिकडचा माओरी नमस्कार करत आत आला, टाकी तपासली, म्हणाला, "सिलिंडर स्वीट ॲज, एकदम झकास. पण तुमचं ड्रेन तुंबलंय." खाली हात घालून त्यानं एक लगदा बाहेर काढला. तपकिरी, तेलकट. "हे काय आहे, मेट?"

मला इंग्रजी समजेनासं झालं.

बायकोनं जवळ जाऊन वास घेतला. मग माझ्याकडं बघितलं. प्लंबरला दारापर्यंत सोडून परत आली.

"कधीपासून?"

"जुलै लागल्यापासून."

"पातेलं उचलून आणताना लाज नाही वाटली?"

"वाटायची. रोज वाटायची." हे एक खरं बोललो. पण तोंड तिथं थांबेल तर ना. "पण अंधारातल्या अंघोळीची मजा उजेडात नाही गं."

"मग संध्याकाळी सहाला करा," ती म्हणाली. "तेव्हाही अंधारच असतो. तुम्हाला सकाळी कुठं जायचंय?"