बोडीवरचा स्टे

उन्हाळ्यात कुठे बोडीच्या आटत्या चिखलाचा वास आला की मला तो दिवस आठवतो. आमची फारकतीची केस चालू होती. मी मासे विकून टाकीन म्हणून नवऱ्यानेच कोर्टातून स्टे आणला होता. निकाल लागेपर्यंत आमच्या बोडीत, म्हणजे शेतातल्या त्या लहान तळ्यात, दोघांपैकी कोणीच जाळे टाकायचे नव्हते. वैशाखात पाणी घोट्याएवढे उरले. मोठमोठे रोहू उघड्या पाठीने तडफडू लागले, पाळीच्या बांधावर बगळे येऊन बसले. मी भावाकडे राहत होते. तेव्हा नवरा भावाच्या अंगणात आला. "अवो, सही दे नं. दोघायनं अर्ज केला तं कोर्ट सूट देते. अर्धे तुले, अर्धे मले. नाही तं सारे मरतेत." त्याच्यासमोर माझी मान कधी वर झाली नव्हती. त्या दिवशी तांदूळ निवडता निवडता मी म्हणाले, "तुमच्याच वकिलानं आणला नं स्टे? मंग आता कायले रडता?" तो शिव्या देत गेला. थोड्याच दिवसांत सगळे मासे सडले. वहिनी म्हणाली, "बाई, तुमचंबी नुकसानच झालं नं." झाले. पण त्या घरात माशाचे चांगले तुकडे त्याला वाढून मी इतकी वर्षे नुसत्या शेपट्या खाल्ल्या होत्या. त्या वर्षी त्याच्याही ताटात बोडीचा मासा पडला नाही, हे आठवले की आजही माझे पोट भरते.