कालव्याची उजवी बाजू

होडीतून कालवा पाहायचा तर कुठं बसावं, हे मला सातव्या वर्षापासून ठाऊक होतं, आणि त्याचा मला फार तोरा होता. माझे वडील कालव्यावर पाटकरी होते. पाटकरी म्हणजे शेतांना पाणी सोडणाऱ्या मोऱ्या उघडणारा-लावणारा, कुणाचं पाणी किती वेळ ते बघणारा माणूस. आम्ही तेव्हा बारामतीच्या बाजूला, कन्हेरीजवळ राहायचो. साहेबलोकांची पाहणी झाली की रिकामी होडी जागेवर न्यायची असायची, आणि वडील मला तीत बसवायचे.

त्या होडीत मी पहिली गोष्ट शिकले ती दिसण्याची. कालवा जिथं जमीन खोदून नेलेला असतो, तिथं होडीतून काही म्हणता काही दिसत नाही. दोन्हीकडं मातीच्या भिंती, वर घाणेरीची झुडपं आणि आभाळाची पट्टी. पण जिथं खोलगटातून भराव घालून कालवा नेलाय, तिथं पाणीच शेतांच्या वर चढतं, आणि होडीतला माणूस माडीवर बसल्यासारखा खालची रानं बघतो. भराव संपला की पुन्हा माती. दिसायचं ते तेवढ्यात दिसलं पाहिजे.

दुसरी गोष्ट शिकले ती बाजूंची. कालव्यावरच्या माणसांची डावी-उजवी आपल्या हातांवरून ठरत नाही. पाणी जिकडं जातं तिकडं तोंड करून जी उजवी ती उजवी. तुम्ही उलटे उभे राहा, आडवे व्हा, कालव्याची उजवी बदलत नाही. आमच्या घरात जेवतानासुद्धा वडील असंच बोलायचे. मला ती भाषा आईच्या भाषेइतकीच सवयीची झाली.

माझं लग्न झालं आणि मी इंदापूरच्या बाजूला, कळस गावाच्या खालच्या अंगाला आले. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. घरात सासरे होते, त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, मीही म्हणायची. सासूबाई होत्या, त्यांना मी आत्याबाई म्हणे. नवरा साखर कारखान्यावर कामाला होता आणि हंगामात आठ-आठ दिवस घरी येत नसे. कालव्याच्या भरावाखाली आमची जमीन होती आणि तिच्यात आबांनी मोसंबी लावली होती. आठ ओळी. आबांनी ती झाडं लेकरांसारखी वाढवली असं म्हणणार नाही, कारण लेकरांकडं त्यांचं एवढं लक्ष नव्हतं. त्या वर्षी झाडांना पहिल्यांदा फळ धरलं होतं, लिंबाएवढं.

आणि त्याच वर्षी आमच्या मोरीचं उन्हाळी पाणी बंद झालं. कागदावर म्हणे ती मोरी हिवाळ्यापुरतीच होती. आमच्यासकट चार घरांची रानं त्या मोरीवर. कुणाचा घेवडा होता, कुणाची वांगी. भाजीपाला गेला तर पुढच्या वर्षी पुन्हा लावता येतो. झाड एकदा वाळलं की संपलं. आबांनी तीन अर्ज दिले. तिन्हींचं उत्तर एकच आलं, की पाहणीच्या वेळी विचार होईल.

कालवा भरून वाहत होता हे सगळ्यांत वाईट. आमच्या डोक्यावरून पाणी जायचं आणि खाली झाडं माना टाकायची. आत्याबाई धुणं घेऊन भरावावर जायच्या आणि पाण्याला शिव्या देत परत यायच्या.

मग फाल्गुनात कळलं की मोठे साहेब पाहणीला येणार. त्यांचे पाय सुजत म्हणून ते चालत फिरत नसत, होडीतूनच सगळं बघत. म्हणजे होडीतून त्यांना जे दिसेल तेच आमचं नशीब. इथं माझी अक्कल जागी झाली. मी आबांना म्हटलं, मला भरावावर घेऊन चला.

सकाळी आम्ही दोघं कालव्याच्या कडेनं हिंडलो. मी पाण्यालगत उकिडवी बसायची, होडीतल्या खुर्चीची उंची अंदाजानं धरायची आणि बघायची. पुलाजवळून नुसता काठ दिसायचा. त्याच्या वर बाभळीची रांग आड यायची. शेवटी एक जागा सापडली, भरावाच्या अगदी मधली. तिथून आमच्या पहिल्या दोन ओळी बुडख्यापासून शेंड्यापर्यंत दिसत होत्या. तिथून शे-दीडशे पावलांवर खोदाई सुरू व्हायची. एक विडी ओढून व्हायच्या आत होडी तिथं शिरणार.

"येवढ्यात काय दिसंल साहेबाला?" आबा म्हणाले.

"दिसंल. झाडं हिरवी पायजेत."

आणि मग मी ते सुचवलं. आमच्या विहिरीत तळाला पाणी होतं, मोट चालण्याइतकं नव्हतं, घागरीनं काढावं लागे. ते आठही ओळींना आम्ही थोडं थोडं घालत होतो. मी म्हटलं, पाहणी होईपर्यंत सगळं पाणी पुढच्या दोन ओळींना घालू. साहेबांना जिवंत बाग दिसली तर ते मोरी उघडतील आणि मग सगळीच जगतील. मेलेली बाग दिसली तर कशाला उघडतील?

आबा मागच्या ओळींकडं बघून म्हणाले, "म्हंजी यांना मारायचं."

"चार दिसांचा परश्न हाय, आबा."

चार दिवसांचे अकरा झाले, कारण साहेबांचा दौरा पुढं गेला. अकरा दिवस आम्ही तिघांनी घागरी वाहिल्या. माझ्या कमरेला चट्टे उठले. मागच्या सहा ओळींची पानं आधी गुंडाळली, मग पिवळी पडली, मग ती बारकी फळं गळू लागली. आत्याबाई तिकडं जायच्याच नाहीत. मी मात्र रोज जायची, कारण ते माझं काम होतं असं मला वाटायचं. दोन ओळी हिरव्यागार राहिल्या. आड येणाऱ्या बाभळीच्या फांद्या आबांनी भल्या पहाटे तोडल्या. ती झाडं सरकारी होती, पकडले गेले असते तर वेगळीच पाहणी झाली असती.

राहिली ती खुर्ची. होडीत साहेबांची एकच खुर्ची असे, आणि तिच्या पाठीमागं उन्हासाठी कनातीचा जाड पडदा सोडलेला असे. खुर्ची ज्या बाजूला मांडली तीच बाजू साहेबांना दिसणार. ती मांडायचं काम साहेबांच्या मुक्कामाच्या सरकारी बंगल्यावरच्या खानसाम्याचं. आबा त्याच्याकडं वांग्यांची पाटी घेऊन निघाले तेव्हा मी त्यांना दारात सांगितलं, "खुर्ची उजव्या अंगाला मांडा म्हणावं."

आबा थांबले. "उजवी म्हंजी कुठली?"

"कालव्याची उजवी."

"न्हाय, पर होडी खालनं वर येनार हाय. साहेब इंदापुराकडनं येत्याती, खालच्या बंगल्यापासनं बसनार."

"आबा, होडी कुठनं बी येऊ द्या. कालव्याला उजवी एकच असती."

मी हे हसून म्हटलं होतं. पाटकऱ्याच्या पोरीला कालवा शिकवता का, असं ते हसणं होतं. आबांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी नुसतं 'नदीकडची बाजू' म्हटलं असतं तरी भागलं असतं. आमच्या गावात असंच बोलतात, नदीकडं आणि माळाकडं. कालव्याच्या उजव्या अंगाला नदीपर्यंत उतरत गेलेली आमची पाटाखालची रानं, दुसऱ्या अंगाला नुसता माळ, जिथं पाणी चढतच नाही. पण मी शिकवून पाठवलेला शब्द त्यांनी इमानानं नेला. खानसाम्याला सांगितलं, उजव्या अंगाला. खानसामा बिचारा कालव्याचा नव्हता, बंगल्याचा होता. त्यानं होडीच्या तोंडाकडं तोंड केलं आणि त्याच्या उजव्या हाताला खुर्ची मांडली.

पाण्याच्या उलट जाणाऱ्या होडीची उजवी म्हणजे माळ.

पाहणीच्या दिवशी आम्ही तिघं आणि मोरीवरची बाकीची माणसं भरावावर उभे होतो. आबांनी धुतलेला पटका बांधला होता. खालच्या वळणावर आधी होडीचा दोर ओढणारे चार गडी दिसले, आमच्याच काठानं वाकून येत होते. मग होडी दिसली. मला वाटलं, होडीवर कसलं तरी सामान लादलंय. ती कनात होती. आमच्या बाजूला वरपासून खालपर्यंत सोडलेली खाकी कनात, आणि तिच्यामागं खुर्चीची पाठ.

एका क्षणात मला सगळं कळलं. मी आबांकडं बघितलं. त्यांना अजून कळलं नव्हतं, ते हात जोडून उभे होते.

होडी समोर आली तशी आबा म्हणाले, "साहेब, हिकडं." पहिल्यांदा अदबीनं म्हणाले. मग होडीबरोबर चालायला लागले, मग पळायला. "साहेब, हिकडं बघा. खाली बघा, साहेब, झाडं हायेत." पटका सुटून गळ्यात आला. दोर ओढणारा एक जण त्यांना म्हणाला, "आबा, बाजूला व्हा, दोर आडकंल." तो ओळखीचाच होता, त्याच्या आवाजात राग नव्हता. मी होते तिथंच उभी राहिले.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी ऐकलं. खुर्ची करकरली, कनात आतून हलली, कुणीतरी तिची गाठ सोडायला लागलं. गाठ ओली होती म्हणून वेळ गेला. कनात वर झाली तेव्हा होडी खोदाईत शिरली होती. साहेबांनी बाहेर डोकावून मातीची भिंत बघितली, वर धापा टाकणाऱ्या म्हाताऱ्याला बघितलं आणि विचारलं, "काय आहे?"

आबा बोट दाखवत होते मागं. मागं वळण होतं, बाग त्याच्या आड गेली होती.

ते तसेच वरच्या बंगल्यापर्यंत होडीच्या मागं गेले. तिथं साहेबांनी त्यांना दोन मिनिटं दिली. "या मोरीचा टापू मी आत्ताच पाहिला, तिथं नुसता माळ आहे, माळाला पाणी कसं चढवणार?" असं ते म्हणाले. आबांनी समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण शेरा लिहून झाला होता आणि जीप चालू होती.

दिवस मावळायच्या आत मोरीवरची माणसं आमच्या ओसरीवर जमली. चार घरांचा उन्हाळा गेला होता, ती विचारणारच. खुर्ची कुणी सांगितली, काय सांगितली? मी पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्याशी आले होते. मी सांगणार होते, खरंच सांगणार होते.

आबा म्हणाले, "माझी चूक. सूनबाईनं बराबर सांगितलं हुतं, नदीकडची बाजू. म्याच खानसाम्यापुढं डावं-उजवं करून बसलो."

एक जण कडवट हसला. "आबा, येवढं वय झालं, तुमाला डावा-उजवा कळंना व्हय?"

"न्हाय कळला," आबा म्हणाले.

मी तांब्या ठेवला आणि आत गेले.

पुढच्या दोन ओळी वैशाखापर्यंत तगल्या. मग विहीरही आटली आणि एके सकाळी आबांनी कुऱ्हाड काढली. मी त्यांच्यामागं गेले. पहिल्या झाडाशी म्हटलं, "आबा, मी सांगते सगळ्यांना. चूक माझी हाय."

त्यांनी झाडावरनं नजर काढली नाही. "तुझ्या बापानं सारा जलम कालव्यावर काढला. लोक त्यालाच नावं ठिवतील, पोरीला येवढं बी शिकवलं न्हाय म्हनून. माझं काय, मी शेतकरी मानूस. ऱ्हाऊ दे."

मी राहू दिलं. मला बरं वाटलं, हे आज लिहिते. वडिलांसाठी नव्हे, माझ्यासाठी बरं वाटलं. त्या घरात येऊन मला दोन वर्षंही झाली नव्हती आणि हुशार सून हे एकच नाव मी कमावलं होतं. सहा ओळी माझ्या सल्ल्यानं मेल्या, दोन माझ्या शब्दानं, आणि नाव माझं राहिलं.

त्यांना मात्र लोकांनी सोडलं नाही. दुष्टपणा नव्हता त्यात, गावाला एक गंमत मिळाली होती. तंबाखू देताना कुणी म्हणायचं, आबा, उजव्या हातानं घ्या, म्हंजी आमी डाव्यात ठिवतो. इंदापूरच्या बाजारात कुणी वाट विचारली तर दुसरा म्हणायचा, यांना नगा इचारू. आबा हसायचे. नवरासुद्धा त्यांना चिडवायचा, आणि त्यालाही मी सांगितलं नाही.

आबा बऱ्याच वर्षांनी गेले. तेराव्याच्या पंगतीत त्यांच्या जुन्या सोबत्यांनी त्यांच्या गोष्टी काढल्या. मोरीवरच्या एका शेजाऱ्यानं ती होडीची गोष्ट सांगितली, नव्या पोरांना कळावी म्हणून हातवारे करून, पटका कसा सुटला त्यासकट. मोठ्या मायेनं सांगितली, सांगताना त्याचे डोळे भरले होते. सगळी पंगत हसली. मी भात वाढत होते. त्यानं पत्रावळीवर हात धरून मला विचारलं, "काय वयनी, खरं का न्हाय?"

"व्हय, तसंच झालं," मी म्हटलं आणि पुढच्या पानाकडं गेले.