दिगंबरचा हलका कॅमेरा

शोभावहिनींचा फोन सकाळीच आला. "भाऊजी, हे गेले," एवढंच बोलल्या. महिना होत आला, तरी हे लिहिताना दिगंबरचा रागच येतो... न सांगता निघून जायची खोड त्याला कधीच नव्हती. निघतो निघतो म्हणत दारात अर्धा तास गप्पा मारणारा माणूस होता तो.

आम्ही कॉलेजपासूनचे मित्र. मी नांदेडला स्थायिक झालो, तो हिमायतनगरच्या शाळेत चित्रकला शिकवायचा आणि सुट्टी मिळाली की पाखरांचे फोटो काढत पैनगंगेच्या काठानं हिंडायचा. निवृत्तीनंतर त्याला कंपवात झाला. हात थरथरायला लागले, तो लांब लेन्सचा जड कॅमेरा पेलेना. वहिनी म्हणाल्या, आता अंगणातल्या चिमण्यांचे काढा, फोनवर. मलाही ते पटलं होतं. दिगंबरला नाही. नदी सुटली तर आपण खाटेला खिळू, हे तो ओळखून होता. एक दिवस माझ्या दारात हजर. "चल, कॅमेरा घेऊ. लांबचं जवळ दिसलं पाहिजे, अन् वजन न्हाई पाहिजे."

दुकानदार सरळ माणूस होता. म्हणाला, "सर, झूम जेवढा लांब, तेवढं हलणं जास्त दिसतं. तुमच्या हाताला हे जमायचं नाही." दिगंबरनं वाद घातला नाही. मला दुकानाच्या दारात उभं केलं, कॅमेरा माझ्या खांद्यावर टेकवला आणि समोरच्या पाण्याच्या टाकीवरचं कबूतर धरलं.

"वसंता, हालून राहिलास तू."

"आरं, श्वास तर घेऊ दे!"

"घे की. पण मी सांगतो तवा."

भर बाजारात, गिऱ्हाईकं बघताहेत आणि मी बुजगावण्यासारखा उभा. सगळ्यात जास्त झूमवाला कॅमेरा त्यानं परत केला, त्याच्या वजनानं माझाच खांदा कलत होता. दुसऱ्याला डोळा लावायची खिडकी नव्हती, उन्हात पडद्यावर काय डोंबल दिसणार! शेवटी मुठीत मावणारा एक ठरला. त्यात कबुतराचे तांबडे पाय स्वच्छ आले होते. दुकानदारानं फोटो बघितला आणि खोका बांधून दिला.

मग आमचे रविवार सहस्रकुंडच्या धबधब्याकडे जायला लागले. पल्याडच्या खडकावर खंड्या बसला की कॅमेरा माझ्या खांद्यावर यायचा. निम्मे फोटो हललेलेच असायचे, पण एखादा असा साधायचा की दिगंबर इस्लापूरच्या टपरीवर चहावाल्यालाही तो दाखवायचा. कोणता कॅमेरा चांगला, असं मला कुणी विचारलं तर मी ठणकावून सांगतो, जो गळ्यात घालून तुम्ही घराबाहेर पडाल, तो.

वहिनींनी तो मलाच दिला. मागच्या रविवारी एकटाच गेलो. माझे हात अजून धडधाकट आहेत, फोटो काढणं काही अवघड नव्हतं. खंड्या आला, समोरच्या खडकावर ऐटीत बसला... आणि मी खांदा ताठ करून, श्वास रोखून उभा राहिलो. तो उडून गेला, तेव्हा कॅमेरा माझ्या गळ्यातच होता.