पायलचं सिम

जीप यायला अजून वेळ होता. मानोऱ्याच्या रस्त्यावरचा आमच्या गावाचा फाटा म्हणजे एक निंबाचं झाड आणि एक बंद पडलेली पानटपरी, त्यापलीकडे काही नाही. टपरीच्या फळीवर बाबांनी माझी सुटकेस ठेवली होती. ती मावशीकडून मागून आणलेली, चेन तुटलेली, म्हणून दोरीनं आवळलेली. बाबा मला शेलूबाजारपर्यंत सोडणार होते आणि तिथून पुण्याची ट्रॅव्हल्स. माय घरीच थांबली होती. निघताना डोळे पुसत म्हणाली, "मांगं पाहू नोको." मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि मागे पाहण्याशिवाय मला दुसरं काहीच सुचत नव्हतं, कारण पायल आली नव्हती आणि तिनं येऊच नये असं मला मनापासून वाटत होतं.

ती आली. सोयाबीनमधलं निंदण-खुरपण अर्धवट टाकून, बांधावरून, हिरवे झालेले हात पुसत आली. ओढणीच्या टोकात मुगाच्या कोवळ्या शेंगा बांधून आणल्या होत्या, त्या तिनं माझ्या पिशवीत ओतल्या. पुण्यात मूग मिळत नाही असं तिला कोणी सांगितलं होतं कोण जाणे. बाबांनी तिला विचारलं, अकरावीचं काय ठरलं? ती म्हणाली, पाहू. मग जीप आली, बाबा सुटकेस वर टाकायला गेले, आणि ती माझ्या अगदी जवळ येऊन म्हणाली, "प्रज्ञे, ते दुसरं सिम बंद नोको पडू देजो."

एवढंच. मी मान हलवली. जीप वळली तेव्हा ती निंबाखाली नव्हती, पुन्हा बांधावरून जात होती. ट्रॅव्हल्समध्ये मी त्या शेंगा सोलल्या आणि एकही खाल्ली नाही.

आमच्या दहावीच्या वर्गातले तुम्ही जे तिकडेच राहिलात आणि जे माझ्यासारखे पुण्याला, सुरतेला, नागपूरला पांगलात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. तुम्हाला पायल आठवत असेलच. तांड्यावरची, दुसऱ्या बाकावरची, गणिताच्या सरांना उलट प्रश्न विचारणारी. तुम्हाला आम्ही जोडीनंच आठवत असू. मला परवा ग्रुपवर कोणीतरी विचारलं, "पायलचं काय झालं?" मी अंगठा टाकला आणि फोन उलटा ठेवला. त्या प्रश्नाला अंगठा कसा टाकतात, हे माझं मलाच विचारावं लागेल.

तर ते सिम. पायलचे आईवडील दरवर्षी दसरा झाला की ऊसतोडीला जायचे. कारखान्यावर गेलं की नवं सिम, परत आलं की ते बंद, पुढच्या वर्षी आणखी नवं. तिच्या घरात एक नंबर सलग वर्षभर कधी टिकला नाही. आठवीत शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना मोबाइल नंबर लागला, तेव्हा तिनं तो रकाना कोराच सोडला. आमच्या घरी एकच फोन, पण त्यात दोन सिमची सोय होती आणि बाबांना कुठल्याशा मेळ्यात एक फुकट सिम मिळालं होतं. मी म्हटलं, हे तुझं. तेव्हापासून दुसरं सिम पायलचं झालं. तो नंबर तिनं कवितेसारखा पाठ केला. स्वतःचा म्हणावा असा तिचा तेवढाच नंबर होता आणि तो माझ्या घरात, माझ्या हातात होता.

दहावीनंतर आम्हा दोघींना तंत्रनिकेतनात जायचं होतं, इलेक्ट्रिकलला. कल्पना तिची. तिला विजेच्या ऑफिसातली मॅडम व्हायचं होतं, कारण तांड्यावरची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली की पंधरा पंधरा दिवस कोणी फिरकत नसे आणि तिला त्याचा भयंकर राग होता. मला नक्की काय व्हायचं होतं? खरं सांगायचं तर मला पायलबरोबर राहायचं होतं. शाळेमागच्या टेकडीवर बसून आम्ही होस्टेलची खोली ठरवायचो. तिचा पलंग खिडकीकडे, माझा दाराकडे. नोकरी लागली की दोघींत एक स्कूटी, आठवडा वाटून. या गोष्टींवरून आमची भांडणंही झाली आहेत, स्कूटीच्या रंगावरून.

पण आत एक भीती होती. तिला माझ्यापेक्षा चार टक्के जास्त होते. एकीलाच लागलं तर? मी तिला शपथ घालायला बघत होते, की जायचं तर दोघींनी, नाहीतर कोणीच नाही. ती हसली. "एकीले लागलं तं एकीनं जाचं. दोघी कायले राह्यच्या?" मला तिचं ते बोलणं आवडलं नाही. मी दोन दिवस अबोला धरला होता.

मानोऱ्याच्या ऑनलाइन सेंटरवर आम्ही अर्ज भरले. दोघींनी तीच कॉलेजं त्याच क्रमानं टाकली, वर पुणे. माझ्या अर्जावर बाबांचा नंबर, तिच्या अर्जावर दुसरं सिम.

पहिल्या फेरीचा मेसेज आला तेव्हा मी अंगणात भांडी घासत होते. राखेच्या हातानंच फोन उचलला. पहिल्या सिमवर: जागा मिळाली नाही. दुसऱ्या सिमवर: पायल, पुणे, इलेक्ट्रिकल. तीन दिवसांत जाऊन प्रवेश पक्का करा.

तांड्यात रेंज नव्हती. चालत पाऊण तासाची वाट. मी भांडी पुरी घासली. मग विसळली. मग उन्हात पालथी घातली. त्या दिवशी मी गेले नाही.

माझ्या डोक्यात काय होतं हे मी सात वर्षं स्वतःला वेगवेगळ्या तऱ्हेनं समजावलं आहे. मला वाटलं, आत्ता नाही गेली तर दुसऱ्या फेरीत तिचं नाव पुन्हा येईलच, एवढे मार्क आहेत. तोवर माझंही लागेल. मग दोघी जाऊ. हे मला खरोखर वाटत होतं. पण दुसऱ्या दिवशी पायल स्वतः आमच्या अंगणात आली आणि तिनं विचारलं, "मेसेज आला का वं?" तेव्हा मी म्हटलं की फेरी पुढं ढकलली. हे काही मला वाटत नव्हतं. हे मी ठरवून बोलले. ती पाणी प्यायली, मायशी दोन शब्द बोलली आणि गेली.

दुसऱ्या फेरीत माझं नाव आलं. पुणे, इलेक्ट्रिकल. दुसरं सिम गप्प. मी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, दुसऱ्या दिवशी मानोऱ्याला सेंटरवर गेले आणि आडून आडून विचारलं. सेंटरवाल्या दादानं मान वर न करता सांगितलं, पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं आणि पोरगी गेली नाही, तर तिचं नाव त्या वर्षीपुरतं संपलं, पुढच्या फेऱ्यांत घेत नाहीत. तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर मी किती वेळ बसले ते आठवत नाही. मला मिळालेली जागा तिचीच होती का, हे कळायला मार्ग नाही. तिचीच असणार, असंच मी धरून चालले आहे.

पायलला मी सांगितलं, तुझं नाही लागलं. ती म्हणाली, बरं. पुढची गोष्ट तुमच्यातल्या तिकडे राहिलेल्यांना माहीत आहे. दसऱ्यानंतर ती आईवडिलांबरोबर गेली. दोन वर्षांत लग्न झालं. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता; तिचा आणि तिच्या नवऱ्याचा नवा कोयता झाला.

मी पुण्यात शिकले, चाकणजवळ पॅनल बनवणाऱ्या कंपनीत लागले. पीजीत राहते, कंपनीची बस, जनरल शिफ्ट, कॅन्टीनची बेचव उसळ. 'मले' म्हणायचं मी पहिल्या महिन्यातच सोडलं, कारण रूममेट खोखो हसली होती. आता माझं बोलणं ऐकून कोणी मानोरा म्हणणार नाही. गावी गेले की माय म्हणते, "तू तं पाहुण्यावानी बोलून राह्यली." पुण्याला येताना ते दुसरं सिम मी बरोबर आणलं होतं. पहिल्या पगारातून नवा फोन घेतला तेव्हा दुकानदारानं विचारलं, दुसरं सिम काय करायचं, वापरात दिसत नाही. मी म्हटलं, असू दे. त्याचं रिचार्ज मी एकदाही चुकवलेलं नाही. स्वतःचं चुकलं आहे.

कारण ते सिम बोलत होतं. पायलचे मेसेज माझ्याकडे येत राहिले. आधी शिष्यवृत्तीचे, कॉलेजांच्या जाहिरातींचे, "प्रिय पायल, तुमचे भविष्य घडवा" असले. मग रेशनकार्डात नाव चढल्याचा, म्हणजे मी ओळखलं, सासरचं. कोणी नंबर विचारला की ती पाठ असलेला तेवढाच एक सांगत असणार. मग एके दिवशी, मी मशीनवर वायरिंग तपासत असताना, गरोदर मातेच्या नोंदणीचा. पुढे बाळाच्या लसीची तारीख. दीड महिन्याची, अडीच महिन्यांची. मी त्या तारखा कॅलेंडरवर लिहायचे. बाळाला ताप आला असेल का, असं कॅन्टीनमध्ये बसून मनात यायचं. ती बाळाला घेऊन त्या तारखेला कुठल्या फडात असेल, तिला हे कोण सांगणार, आणि सांगायचं ते तर माझ्या खिशात.

थंडीत चाकणच्या रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जातात. मी बसच्या खिडकीतून उसावर बसलेल्या बायांचे चेहरे बघते. एकदा सकाळी सिग्नलला ट्रॉली थांबली आणि वर एक बाई पाठमोरी बसली होती, मानेची ठेवण अगदी तीच. मी बसमधून उतरले, धावले, "पायल" म्हणून हाक मारली. तिनं वळून पाहिलं. ती पंचेचाळीस-पन्नासची होती. तिनं माझ्या गळ्यातलं कंपनीचं कार्ड पाहिलं आणि घाबरून पदर ओढला. त्या दिवशी माझा अर्धा दिवस कापला गेला.

तुम्ही म्हणाल, गावी जातेस तेव्हा भेटत का नाहीस? तिचं सासरही त्याच तांड्याच्या वरच्या अंगाला आहे. मी दिवाळीलाच जाते. दिवाळीला तांडा रिकामा असतो. दारांना कुलपं, ओट्यावर दोन-चार म्हातारी माणसं, मोकाट कोंबड्या. सात दिवाळ्या मी बरोबर त्याच वेळी गेले, आणि माय दरवेळी म्हणाली, उन्हाळ्यात येत जा, सगळे असतात. मी म्हणायचे, उन्हाळ्यात सुट्टी मिळत नाही. मिळते.

गेल्या महिन्यात, रविवारी दुपारी, दुसरं सिम वाजलं. सात वर्षांत त्यावर मेसेज आले होते, कॉल कधीच नाही. अनोळखी नंबर. मी उचलला.

"प्रज्ञे, ओटीपी आला का?"

आवाज जाड झाला होता, पण तोच. मागे प्रिंटरचा आवाज. ती मानोऱ्याच्या सेंटरवर उभी होती. धाकटी बहीण काजल दहावी झाली, तिचा तंत्रनिकेतनाचा अर्ज भरत होती, आणि नंबरच्या रकान्यात माझ्याजवळचा नंबर टाकला होता. जणू आम्ही काल बोललो होतो. मी आकडे वाचून दाखवले, तिनं ते दादाला सांगितले. मग मला वाटलं की ती ठेवून देईल, आणि मी एकदम बोलून टाकलं. पायल, तेव्हा तुझा मेसेज आला होता. पहिल्याच फेरीत. मी सांगितलं नाही.

प्रिंटर चालूच होता.

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "तू जाच्या आदल्या दिवशी मी इथंच आली व्हती. या दादानं दाखवलं मले."

म्हणजे फाट्यावर निंबाखाली उभी होती तेव्हा तिला माहीत होतं. मुगाच्या शेंगा तिनं माहीत असताना आणल्या होत्या. सिम बंद पडू देऊ नकोस, हे तिनं माहीत असताना सांगितलं होतं. मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललीस? ती म्हणाली, "बोलली असती तं तू गेली नसती. मंग दोघी बी इथंच."

मी रडायला लागले तेव्हा तिनं मला थांबवलं. राग गेला असं समजू नकोस, म्हणाली. दोन वर्षं तुझं नाव कोणी काढलं तर मी उठून जायची. तिला ते ऐकवायचं होतं आणि मला ऐकायचं होतं. मग तिचा दुसऱ्या कोणाशी बोलण्याचा आवाज आला, पोर रडत होतं, आणि ठेवता ठेवता ती म्हणाली, "काजलचा मेसेज आला की त्याच दिवशी सांगजो."

मी विचारलं, तुझ्या या नंबरावर? ती म्हणाली, हा दादाचा फोन आहे. तांड्यात अजून रेंज येत नाही.

पुण्यात कोणी विचारलं, घर कुठे, तर मी वाशिम जिल्हा सांगते आणि विषय बदलते. सात वर्षं माझ्यासाठी घर म्हणजे न चाललेली ती पाऊण तासाची वाट होती. फाट्यापासून डावीकडे, टेकडीला वळसा, नाल्यावरची फरशी, मग चढ. मला तिचा एकेक दगड आठवतो.

काजलच्या पहिल्या फेरीची तारीख लागली आहे. मी त्या आठवड्याची रजा टाकली आहे. साहेबांनी कारण विचारलं, मी घरगुती लिहिलं. मेसेज येईल तेव्हा मी आमच्या अंगणात असेन. तांडा भरलेला असेल, पेरण्या चालू असतील, पायल शेतात असेल. जागा लागो न लागो, मेसेज वाचला की मी चप्पल घालून निघणार आहे. भांडी तशीच राहतील.