कपिलेच्या मानेवरची गाठ

इंजेक्शनच्या वेळी स्पिरिटचा वास आला, की मला काष्टीचा आमचा गोठा आठवतो. स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. नगरहून आलेल्या गुरांच्या डॉक्टरांनी क्षयाच्या तपासणीसाठी कपिला गाईच्या मानेत सुई टोचली. तिसऱ्या दिवशी तिथे लिंबाएवढी गाठ आली.

“टोचल्यावर अशी गाठ आली, म्हणजे हिला क्षय आहे. वेगळी बांधा, दूध पिऊ नका,” डॉक्टर म्हणाले.

“गाय धडधाकट हुती. तुमीच काईतरी टोचलंय,” सासूबाई म्हणाल्या.

मलाही डॉक्टर खोटेच वाटले. पण माझी लेक वरच्या दुधावर होती, आणि आता मला दुधाचीही शंका येऊ लागली. सासूबाईंच्या नकळत मी ते ओतून दिलं. आज सगळे त्याला शहाणपण म्हणतात. तेव्हा ती नुसती भीती होती.

कपिला पुढे खोकून खोकून गेली. डॉक्टर पुन्हा आले, तेव्हा सासूबाईंनी उरलेल्या दोन्ही गाई स्वतः धरल्या, पण सुईवरची नजर काढली नाही.