पदराच्या गाठीतल्या गोळ्या

भाताच्या लावणीच्या दिवसांत आमच्या सासूबाई पदराच्या गाठीत दुखण्याच्या गोळ्या घेऊन बांधावर उभ्या राहायच्या. आम्ही दोघी सुना त्यांना आत्या म्हणायचो. चिखलात पाय घालायच्या आधी प्रत्येक बाईच्या तळहातावर एक गोळी, आणि पाणी ती गिळण्यापुरतंच. मळवलीला शेताभोवती बंगले झालेत, आडोसा उरला नाही. बाई पाणी प्यायली की आडोसा शोधायला उठणार, उठली की ओळ मोडणार. "पाठ घरी गेल्याव दुखू द्या," म्हणायच्या. स्वतः मात्र साठीतही वाकल्या की आम्हाला मागं टाकायच्या. खोटं कशाला बोलू!

माझी धाकटी जाऊ रेखा. बाळंतपणापासून तिला बीपीची गोळी चालू होती. त्या वर्षी लावणीत तिचे पाय सुजले, लघवी कमी झाली. तळेगावच्या डॉक्टरांनी रक्त तपासून आम्हाला समजावलं. अंगात पाणी कमी पडलं की काही हार्मोन किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात. दुसरी काही हार्मोन आत येणारी वाहिनी उघडी ठेवतात. दुखण्याची गोळी या दुसऱ्यांनाच बंद पाडते. भाताच्या खाचरात पाणी येणारी वरची मोरी बुजवावी तसं. त्यात बीपीची गोळी असली तर आणखी वाईट. "दुखण्याची गोळी घेत असेल तर आजच थांबवा, किडनी वाचेल," ते म्हणाले.

"न्हाई बा," आत्या पटकन म्हणाल्या. "आमच्यात कुनी गोळ्या खात न्हाई."

अजून चार खाचरं लावायची होती. रेखाने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं नाही. मला त्याच घरात राहायचं होतं, आणि ती निजली असती तर तिची ओळ माझ्या गळ्यात पडली असती. डॉक्टर दवाखान्यात ठेवा म्हणाले, तर आत्यांनी चार दिवसांनी आणतो सांगून तिला घरी आणलं.

दुसऱ्या सकाळी तिच्या हातावर पुन्हा गोळी. "एवढी लावणी उरक, मग लय निजायचंय." रेखाने निमूट गिळली. तिसऱ्या दिवशी ती चिखलातच कोसळली. किडन्या गेल्या त्या गेल्याच. आत्यांनी तिला वलवणला माहेरी धाडलं आणि वर व्याह्यांनाच ऐकवलं, की पोरगी नाजूक दिलीत.

गेल्या वर्षी आत्या झोपेतच गेल्या. दहाव्याला पिंड ठेवायचा अवकाश, कावळा शिवला. म्हातारीची काही इच्छा राहिली नव्हती, लोक म्हणाले. मला असा संताप आला! रेखा त्या दिवशी डायलिसिसच्या मशीनवर होती.

संध्याकाळी तिचा फोन आला. कावळा लवकर शिवला का, विचारत होती. मी हो म्हणाले.

"माझा न्हाई शिवायचा, ताई," ती म्हणाली. "डॉक्टरांम्होरं तुमी गप का बसलात, ते इचारायचं राहिलंय माझं."