गच्चीवरचे नारे आणि पहिलं वर्ष

निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतरच्या पहिल्या जूनमध्ये हैदराबादेत कॉलेजच्या पहिल्या वर्षाला बसलेल्या आम्हा सगळ्या पोरींवर अन्याय झाला. झाला म्हणजे झाला, त्याला गोड शब्द शोधत बसणार नाही. शाळेत आम्ही सगळं उर्दूतून शिकलो. त्रिकोण म्हणजे मुसल्लस, कोन म्हणजे जाविया, मागणी-पुरवठा म्हणजे तलब आणि रसद. घरात मराठी, शाळेत उर्दू, दारात भाजीवालीशी तेलुगू, असं आमचं छान चाललं होतं. मॅट्रिकही उर्दूतून झालो. आणि कॉलेजात बाकावर जाऊन बसतो तर शिकवणं इंग्रजीत! राज्य बदललं याचा आनंद आम्हाला कुणापेक्षा कमी नव्हता, त्यासाठी राबलो होतो आम्ही. पण हा हुकूम काढण्याआधी पोरींना एक शब्द विचारावा, हे कुणालाच सुचलं नाही.

प्रोफेसरांना तरी काय बोलणार? त्यांचीही हयात उर्दूत गेलेली. अर्थशास्त्राचे सर एक वाक्य इंग्रजीत म्हणायचे, दाराकडे बघायचे, वऱ्हांड्यात कुणी मोठा माणूस नाही असं दिसलं की हळूच म्हणायचे, "यानी के तलब." सगळा वर्ग सुटकेचा श्वास टाकायचा. दारात कुणी उभं असलं की त्या दिवशी आमच्या पदरात काहीच पडायचं नाही.

मी हिमायतनगरला आत्याकडे राहत होते. मागच्या खोलीत माझ्याबरोबर वर्गातलीच एक मैत्रीण. परभणीकडची, शेतकऱ्याच्या घरातली, आतोबांच्या ओळखीतून आलेली. तिच्या गावातून कॉलेजात आलेली ती पहिलीच मुलगी. निघताना तिच्या वडिलांनी सांगितलं होतं, "पहिलं वर्ष पास झालीस तर धाकटीलाही हैदराबादेत शाळेला घालतो. नापास झालीस तर दोघी घरी." धाकटीने तेव्हापासूनच आपला पत्र्याचा पेटारा रिकामा करून ठेवला होता म्हणे. मला हा न्याय अजिबात पटला नाही. एकीच्या मार्कांवर दुसरीची शाळा! मी तिच्या वडिलांना एक जळजळीत पत्र लिहायला बसले, तर मैत्रीण म्हणाली, "बाई, पत्र राहू दे. इंग्रजी शिकव."

इंग्रजी मला तरी कुठे येत होतं? मला येत होती चळवळ. आधीची दोन वर्षं मी पत्रकं लिहिली होती, सायक्लोस्टाईलवर काढली होती, भाजीच्या पिशवीत मेथीखाली घालून कोठीच्या बाजारातून नेली होती. तेव्हा मी ठरवलं, अभ्यासही चळवळीसारखाच करायचा.

पहिला नियम, एक धडा म्हणजे एक पत्रक. कागदाच्या एका बाजूवर मावला पाहिजे. नाही मावला तर तो आपल्याला कळलेला नाही, पुन्हा वाचा. मुख्य गोष्ट वर, मोठ्या अक्षरात, कारण पत्रक वाचणारा माणूस उभा असतो आणि त्याला घाई असते. परीक्षेच्या सकाळी आपणही तसेच असतो. दुसरा नियम, पत्रक भिंतीवर. न्हाणीघरातल्या बंबाशेजारी इतिहास, चुलीमागे भूगोल, आरशाच्या जागी लॉजिक. आत्या म्हणाली, "अगं, मी कुंकू कुठे बघून लावू?" वह्यांचंही ठरलं. डावीकडून उघडली की इंग्रजी, उजवीकडून उघडली की तेच उर्दूत, आणि दोन्ही भाषा मधोमध येऊन भेटल्या की नवी वही. ज्याला एकाच भाषेत शिकायला मिळालं त्याला ही चैन माहीत नाही.

तिसरा नियम मात्र माझा लाडका होता. पहाटे गच्चीवर जायचं, फेऱ्या मारायच्या आणि धडे नाऱ्यांसारखे म्हणायचे. मी पुढे, मैत्रीण मागे.

"व्हेन प्राइस रायझेस!"

"डिमांड फॉल्स!"

"व्हेन प्राइस फॉल्स!"

"डिमांड रायझेस!"

शेजारची तेलुगू मामी पहिल्या दिवशी घाबरून बाहेर आली. "मळ्ळी जुलूसा, अम्मा?" पुन्हा मिरवणूक निघाली की काय, अशी तिला शंका. परीक्षा आहे म्हटल्यावर ती हात जोडून आत गेली. पुढे तिची नातवंडंही गल्लीत गोट्या खेळताना "डिमांड फॉल्स" ओरडायला लागली. मला वाटलं, जिंकलो.

सहामाहीचा निकाल लागला आणि मैत्रीण अर्थशास्त्रात आपटली. सरांनी दोघींना बोलावून तिचा पेपर पुढे धरला. मागणीचा नियम समजावून सांगा, असा प्रश्न होता. उत्तर होतं, "डिमांड फॉल्स." बस्स. खाली आणखी एक ओळ, "डिमांड रायझेस." सगळा पेपर असाच. प्रत्येक वाक्याचं शेपूट होतं, धड नव्हतं. सर चष्मा पुसत म्हणाले, "बीबी, ये जवाब है के नारा?"

 घरी आल्यावर ती एकदम उसळली. "तू वरडतीस ते तुला येतं, मी वरडते ते मला येतं. परीक्षेत तू कुठं असतीस माझ्यापुढं?"

 सभेत इतकं चोख उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. मिरवणुकीत मागच्याला मागचा अर्धाच भाग म्हणायचा असतो. शिकवताना ती रीत चालत नाही.

"मग आता तू पुढे," मी म्हटलं. पण तेही जमेना. ती अर्धं वाक्य बोलली की उरलेलं मी पुरं करायचे, सवयच ती. तिला असा माणूस हवा होता की ज्याला विषय मुळीच ठाऊक नाही आणि जो सहजासहजी मान डोलावणार नाही. असा माणूस घरातच होता. पेन्शन घेऊन आरामखुर्चीत पडलेले आतोबा.

आतोबांची सगळी नोकरी जुन्या सरकारच्या महसूल कचेरीत फारसी-उर्दूच्या कागदांत गेली होती. इंग्रजीचा त्यांना राग. पण पोर शिकवते म्हटल्यावर त्यांनी पानदान जवळ ओढलं. "हौ, बोल बेटा. पण मला पटल्याशिवाय मी हां म्हणणार नाही."

"काका, भाव चढला की मागणी उतरते."

"मतलब?"

"मतलब... चिंच महाग झाली की आत्या कमी आणतात."

"हौ, तेवढं कळलं. पण माझं पान महाग झालं. मी कमी खाल्लं का?"

"नाही."

आतून आत्या ओरडली, "उलट जास्त!"

"मग तुझा नियम झूठ झाला की."

ती अडकली. मी पुढे सरसावले तर आतोबांनी सुपारीचा अडकित्ता माझ्यावर रोखला. "तू गप. वकील नको मला."

दुसऱ्या दिवशी ती आपणहून पुस्तकाच्या पुढच्या पानांवर गेली. ज्याचं व्यसन किंवा नड असते, त्याचा खप भावाने फारसा हलत नाही, हे तिथे लिहिलेलं होतं. आम्ही ते पान गच्चीवर कधी नेलंच नव्हतं, कारण त्याचा नारा होत नव्हता. संध्याकाळी तिने ते सांगितल्यावर आतोबा खूश. "म्हणजे मी किताबात आहे!" मग रोज तेच. आधी मराठीत, त्यांना पटेपर्यंत. मग तेच इंग्रजीत, तिला स्वतःला पटेपर्यंत. इंग्रजीतलं एक अक्षर कळत नसताना आतोबा तिच्या तोंडाकडे बघून म्हणायचे, "इथं अटकलीस. पुन्हा." आणि ती अटकलेली असायचीच.

वार्षिक परीक्षेत भाव चढला तरी खप न हलणाऱ्या वस्तूंवर प्रश्न आला. तिने पान-सुपारीचं उदाहरण देऊन दोन पानं लिहिली. पास झाली, सगळ्या विषयांत. पुढच्या जूनमध्ये तिचे वडील धाकटीला घेऊन आले. आतोबांनी तिला चपला काढायलाही उसंत दिली नाही. "काय शिकून आलीस गं? सांग."

माझा राग गेलेला नाही. ज्या मुलीला असा ऐकणारा मिळाला नाही, ती घरी गेली, आणि आमच्या वर्गातल्या अशा किती तरी बाकांवर पुढच्या वर्षी कुणीच नव्हतं. तो हुकूम फिरवणं तुमच्या हातात नाही, मला माहीत आहे. पण तुमच्या घरात, शेजारात, गल्लीत पहिल्या वर्षाला शिकणारं कुणीतरी आहे. आज संध्याकाळी वर्तमानपत्र खाली ठेवा, त्या पोराला किंवा पोरीला समोर बसवा आणि आज काय शिकलास, काय शिकलीस ते आपल्या भाषेत सांगायला लावा. समजलं नाही तर मान डोलावू नका. "म्हणजे काय?" असं विचारा, आणि पटेपर्यंत विचारत राहा.